नागरिकशास्त्र गावातल्या कागदापासून सुरू केलं तर? (सातवीच्या वर्गातला अनुभव, आणि मदत हवी आहे)

धानपट्टा

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पलीकडे एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. बारा वर्षं झाली. एक गोष्ट पहिल्यापासून टोचते. पुस्तक एकच, पण मध्ये रेघ आहे. रेघेच्या अलीकडे राजे, लढाया, तह. पलीकडे ग्रामसभा, मताधिकार, मूलभूत हक्क. अलीकडचं संपून पलीकडचं कसं सुरू झालं, ते कुठेच येत नाही. पोरं '७३ वी घटनादुरुस्ती (पंचायत राजची), १९९२' धाडधाड सांगतात. त्याआधी आपल्या गावाचा कारभार कोण पाहायचं, असं विचारलं की वर्ग गप्प.

यंदा रोवणी आटोपल्यावर एका शनिवारी सांगितलं, घरातला सगळ्यात जुना कागद मोठ्यांना विचारून आणा. सातबारे आले, सोसायटीचं पासबुक आलं, एक लग्नपत्रिका आली. सातवीतल्या एका मुलीने निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाने लाकूड, चारा, पाणी कुठून घ्यायचं याच्या सरकारी नोंदीची, नक्कल आणली. तिचे आजोबा वनहक्क समितीत होते, जंगलावरच्या हक्काच्या दाव्यासाठी त्यांनी ती काढली होती. चार घड्या, घडीवर कागद फाटलेला, मागून खळीने पट्टी चिकटवलेली.

आम्ही तो कागद ओळीओळीने वाचला. जळाऊ लाकूड कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, मुरूम कुठून काढायचा, आखर (गावची गुरं जमवायची मोकळी जागा) कोणता, स्मशान कोणतं, शेणखताचे खड्डे कुठे. प्रत्येक ओळ पोरांच्या पायाखालची. "सर, आखरावर तर आता सभामंडप आहे!" "सर, ही पांदण आमच्या बांधीला लागून जाते!" पुस्तकातला 'हक्क' हा शब्द इतक्या मोठ्याने माझ्या वर्गात याआधी कधी बोलला गेला नव्हता.

मग मागे गेलो. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पुढच्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवताना, जे मालगुजार तोवर सारा गोळा करत त्यांनाच गावाचे मालक ठरवलं. पडीक, झाडोरा, तलाव, सगळं त्यांच्या नावावर. पण लाकूड, चारा, पाणी तर गाव पिढ्यान्‌पिढ्या वापरत होतं. ती वहिवाट 'वाजिब-उल-अर्ज' या गावच्या रीतींच्या नोंदीत लिहून घेतली गेली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले (म्हणून आपण माजी मालगुजारी, मामा तलाव म्हणतो), आणि वहिवाटीचे हक्क पुढे निस्तार पत्रकात उतरले. आधी वापर, मग तंटा, मग लिखापढी, मग कायदा. हा क्रम पोरांना एका तासात कळला.

आता अडलोय ते इथे. हीच पद्धत मतदानाला, शिक्षणाच्या हक्काला, समतेला कशी लावायची? आणि किती मागे जायचं? आमच्या केंद्रात दोन मतं आहेत. काही गुरुजी म्हणतात, हे सगळं इंग्रजांनी दिलं. काही म्हणतात, हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतं. मला दोन्ही पटत नाही, पण मुलांना सांगण्यासारखं तिसरं उत्तर अजून नीट जुळलेलं नाही. तुम्ही कसं शिकवता ते सविस्तर लिहा.

पूर्णाकाठ

धाग्यासाठी धन्यवाद सर. निस्तार पत्रकाचं वाचून हेवा वाटला, कारण आमच्या वऱ्हाडात ते हाती येणार नाही. आमच्याकडे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, मधे मालगुजार नाही. मालकीची गोष्टही वेगळी: १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, कागदोपत्री तो निजामाचाच राहिला, १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. एकाच विदर्भात दोन गावांचे कागद दोन तऱ्हेचे, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे.

मी विहिरीपासून सुरू करते. व्हाइसरॉय रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर लोकल बोर्डं आली. त्यांत मत कोणाला? सारा आणि कर भरणाऱ्यांना. म्हणजे दार उघडलं, पण बोटभर. त्याच फटीतून आत शिरून लोकांनी काय केलं ते महत्त्वाचं. पापळचे पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाची चळवळ उभी राहिली, त्यासाठीच्या परिषदेला बाबासाहेब आले होते. आणि पुढे संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद मंजूर झाला, तेव्हा बाबासाहेब आणि पंजाबराव दोघेही त्या सभेचे सदस्य होते. मुलं पापळ ओळखतात, अंबादेवी ओळखतात. अनुच्छेद १७ त्यांना मग परका वाटत नाही.

आणखी एक. जिल्हा परिषद शिकवताना आमच्या मुलांना मी सांगते की ही रचना ज्या समितीने सुचवली तिचे अध्यक्ष पुसदचे वसंतराव नाईक होते. १९६१ चा कायदा, १ मे १९६२ पासून कारभार. आपल्या शाळेच्या पाटीवर 'जिल्हा परिषद' लिहिलंय, ते दोन शब्द कुठून आले हे सातवीच्या मुलाला माहीत असायला हवं.

बहुवर्ग_शाळा

विषय चांगला आहे, पण कोणीतरी हे बोलायला हवं म्हणून लिहितो. माझ्याकडे पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. दुसरे सर महिन्यातले आठ-दहा दिवस कामानिमित्त बाहेर. नवोदय, शिष्यवृत्ती, त्यात ऑनलाइन माहिती भरणं. पालकांना मुलाचे मार्क हवेत आणि त्यांचं चुकत नाही, कारण पोराला गावाबाहेर काढायचा तोच एक रस्ता त्यांना दिसतो. एका अनुच्छेदासाठी १८५४ पर्यंत जायला मी तास कुठून आणू?

धानपट्टा

@बहुवर्ग_शाळा, दादा, तुमचं खरं आहे. मीही चार वर्षं द्विशिक्षकी शाळेत काढली. एवढंच सांगतो, मी वेगळा तास घेतला नाही. परिपाठात रोज उद्देशिका म्हणतोच आपण. त्यानंतरची सात मिनिटं, आठवड्यातून दोनदा. सगळ्या इयत्ता एकत्र बसलेल्या असतात, त्याचा फायदाच होतो. चौथीतल्या पोराला कागदावरचं अक्षर लागत नाही, पण आखर त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतो.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यात आहे. दिवाळीनंतर माझा वर्ग अर्धा होतो, कारण कापसाची वेचणी. म्हणून मी '१४ वर्षे' या आकड्यापासून सुरू करतो.

शिक्षणाचा हक्क ६ ते १४. चौदाच का? मुलं म्हणतात, आठवी तिथे संपते म्हणून. खरी गोष्ट अशी: संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ ला या कलमावर चर्चा झाली. वय ११ करा, अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. कारण दुसऱ्या एका कलमात १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत लावायला मनाई केली होती. त्यांचं म्हणणं असं की मूल कामावर जाणार नसेल, तर तेवढी वर्षं ते कुठेतरी शिकत असायला हवं. मी फळ्यावर मूळ संविधानातली दोन्ही कलमं शेजारी-शेजारी लिहितो, २४ आणि ४५, आणि मध्ये १४ चा गोल काढतो.

मग मागे. १८८२ मध्ये शिक्षणासाठीच्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पडलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचं, मोफत शिक्षण सुरू केलं. १९५० च्या संविधानात हे दहा वर्षांत साधायचं मार्गदर्शक तत्त्व होतं. हक्क व्हायला २००२ ची ८६ वी दुरुस्ती लागली आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून. फुल्यांच्या निवेदनापासून मोजा म्हटलं की मुलं वहीत वजाबाकी करतात: १२८ वर्षं.

गेल्या वर्षी त्या वजाबाकीनंतर एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, वावर तर कारखाना नाही ना?" अनुच्छेद २४ मध्ये कारखाना, खाण आणि धोक्याची कामं आहेत. स्वतःच्या वावरातली वेचणी त्यात येत नाही. तो दुसऱ्या दिवशी वेचायलाच जाणार होता. मला उत्तर देता आलं नाही. पण त्याने कलम वाचून त्यातली मोकळी जागा शोधली होती, आणि हे त्याला पाठांतराने कधीच जमलं नसतं.

जुनी_वही

सगळे प्रतिसाद वाचले. एक विनंती, आपल्या परंपरेला कमी लेखू नका. तमिळनाडूत उत्तरमेरूरला दहाव्या शतकातले, पहिल्या परांतक चोळाच्या काळातले शिलालेख आहेत. ताडपत्राच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून गावसभेच्या समित्या निवडायचे. ज्याने मागचा हिशेब दिला नाही तो पुन्हा निवडीला अपात्र. हजार वर्षांपूर्वी! हे मुलांना सांगितलं तर त्यांची मान ताठ होईल. सगळं विलायतेहून आलं असं शिकवत राहिलो तर मुलांना हे उसनंच वाटणार.

पवनीकर

@जुनी_वही, सहमत, आणि त्यात भर घालतो. उत्तरमेरूर जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. निवडीला उभं राहायला स्वतःची करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवं, वय ३५ ते ७० हवं, वेदांचं ज्ञान हवं. ती ब्राह्मणांच्या गावाची सभा होती. बायका नाहीत, राबणारे नाहीत. अथेन्सचंही तेच, नागरिकांची सभा उघड्यावर भरायची, पण बायका आणि गुलाम बाहेर. दोन्ही ठिकाणची हुशारी खरी आणि दोन्ही ठिकाणची भिंत खरी. मुलांना दोन्ही पेलतं, आपणच घाबरतो.

मी पवनीचा. आमच्या जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिथे सहल नेली की मी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढतो. त्यात त्यांनी सांगितलं की भिक्षुसंघाला सभेचे नियम ठाऊक होते: बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान. संघात मतासाठी शलाका, म्हणजे काड्या वापरत. मी मुलांना तुराट्यांचे तुकडे देतो आणि सहलीच्या डब्यातलं काय आधी खायचं यावर शलाका-मतदान घेतो. ते तीन वर्षांनीही विसरत नाहीत.

पण त्याच बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना खेड्यावर कठोर टीका केली. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान, असा त्यांचा रोख होता, आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरला याचा त्यांना आनंद होता. मग पंचायतीचा अनुच्छेद ४० आला कुठून? २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. अठरा दिवसांचं अंतर. मी नववीला विचारतो, टीका करणाऱ्याने ती का स्वीकारली असेल? आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजातल्या माणसाला खेडं कसं दिसलं असेल? आमच्या वर्गात दोन्हीकडची मुलं असतात. त्या दिवशीचा तास जपून घ्यावा लागतो, पण घ्यावाच लागतो.

माजी_सरपंच

मी शिक्षिका नाही. दारव्हा तालुक्यात एक टर्म सरपंच होती. माह्या पोट्टीनं हा धागा दाखवला, म्हणून लिवून रायली.

तुमी सारे १८८२ न्‌ १९४८ सांगता, चांगलं हाय. पन आमच्या बायांचं बी सांगा. मी निवडून आली तवा पयल्या ग्रामसभेत खुर्चीवर बसली, त माह्या बाजूले घरधन्याले बसवलं. रजिस्टर त्यायच्याकडं सरकवलं. एका हापिसात मले म्हने, "सरपंचसाहेबांना पाठवा." म्या म्हनलं, मीच हाव. थे हासले. सहा मयने लागले माही सही मीच करीन हे पटवाले. बायकांसाठी जागा राखून ठेवल्या तवा कुठं हे झालं, नायतर मले कोन उभं केलं असतं? गावातली पयली महिला ग्रामसभा घेतली त अकरा बाया आल्या. दुसरीले सत्तावन. पान्याच्या टाकीचा ठराव त्यायनंच मांडला.

शाळेत सरपंच म्हनजे काय हे शिकवता, त एखाद्या बाईले बोलवा ना वर्गात. मी येईन.

पूर्णाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद मी उद्या परिपाठात वाचणार आहे.

यालाच जोडून. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते, बहुतेक निरक्षर, म्हणून चिन्हं आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. त्याआधी इंग्रजांच्या काळात प्रांतिक निवडणुकीतही मत मोजक्या लोकांना होतं, मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्यांना. एका झटक्यात सगळ्या प्रौढांना मत, स्त्री-पुरुष दोघांना. पण याद्या करायला माणसं घरी गेली तेव्हा, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि जवळपास २८ लाख बायका त्या निवडणुकीला यादीबाहेर राहिल्या. हक्क मिळाला होता, नाव नव्हतं.

टिपागड

गडचिरोलीहून लिहितोय. 'कुठून आलं' या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या बाजूला आहे, ते राहून जाऊ नये.

१९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा बोलले. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, लोकशाहीची रीत त्यांच्याकडून शिका, असा त्यांचा आशय होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) इथे जाऊन बसलात तर ते कळतं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन तयार नसेल तर पुन्हा बसायचं. त्याआधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये १८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा तो परवाना ग्रामसभेच्या हाती पडला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत दोन वर्षं गेली.

धानपट्टा सरांच्या निस्तार पत्रकाचं महत्त्व इथेच आहे. वनहक्काच्या दाव्याला असे जुने कागद पुरावा म्हणून लागतात. आणि १९३० मध्ये पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तेही याच धाग्यात ओवा. ऐंशी वर्षं मागे-पुढे तोच प्रश्न: गावाचं गवत कोणाचं?

फक्त हे सगळं गोड करून सांगू नका. जुन्या जातपंचायतीत आमच्याही बायका मागे बसायच्या. मेंढ्यात त्यांना सभेत पुढे आणायला ठरवून काम करावं लागलं.

बहुवर्ग_शाळा

पुन्हा आलो. सात मिनिटांचा प्रयोग दोन आठवडे केला. आमच्या गावात कागद कोणाकडेच निघाले नाहीत, म्हणून हातपंपापासून सुरू केलं. कोणी मंजूर केला, कोणत्या वर्षी, आधी पाणी कुठून यायचं, तिथे कोणाला येऊ द्यायचे नाहीत. शेवटच्या प्रश्नावर मुलं घरून उत्तर घेऊन आली. दोन घरची उत्तरं जुळली नाहीत. मी दोन्ही फळ्यावर लिहिली आणि तशीच ठेवली. पऱ्हाटी सरांचा १४ चा गोलही काढला.

धानपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही काय केलं ते सांगतो.

तुमच्या प्रतिसादांतून मला एकच प्रश्न हाती लागला, तो आता प्रत्येक धड्याला लावतो: हे सुरू झालं तेव्हा बाहेर कोण होतं, आणि ते आत कसे आले? 'इंग्रजांनी दिलं' की 'आपलंच होतं' या भांडणापेक्षा पोरांना हा प्रश्न धरवतो. व्हरांड्याच्या भिंतीवर चुन्याची लांब पट्टी मारली. वर वर्ष, खाली आत आलेली माणसं. १८८२, १९२७, १९४८, १९५२, १९९२, २००९.

मग ग्रामसभेचं जुनं रजिस्टर पाहायला गेलो. पहिल्या खेपेला नाही म्हणाले, मुलांचं काय काम म्हणून. दुसऱ्या खेपेला मुलांनी स्वतः अर्ज लिहिला, खाली एकवीस सह्या. तेव्हा बाकावर बसून पाहायला मिळालं. पानं पिवळी, शाई विटकरी झालेली. १९६७ च्या एका ठरावाखाली चौतीस निशाण्या, त्यांतले एकोणतीस अंगठे. मुलं बोट ठेवून मोजत होती. एका अंगठ्याशेजारी लिहिलं होतं, 'पाटलांच्या वाड्याशेजारी राहणाऱ्याची बायको, नि. अंगठा'. त्या पानावरची ती एकटी बाई.

निस्तार पत्रक आणणारी मुलगी तिथेच थांबली. घरी जाऊन आजीला विचारलं, आजीने शेजारच्या म्हातारीला. तिसऱ्या दिवशी नाव घेऊन आली. रजिस्टर सरकारी, त्यात काही लिहिता येत नाही. पट्टी आमची आहे. १९६७ आधी तिच्यावर नव्हतंच, १९५२ आणि १९९२ च्या मधे जागा करून तिने ते वर्ष लिहिलं, आणि खाली त्या बाईचं नाव.

@माजी_सरपंच, ताई, येत्या शनिवारी सकाळची शाळा आहे. साकोलीच्या स्टँडवर न्यायला येतो.